बालीला कशाला?

(हिमायतनगर तालुक्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला बोलवायला आल्या तेव्हा विषय दिला होता 'महिला आणि आरोग्य'. एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, तेव्हा त्यावर मी झोपेतही बोलेन. पण गेले सहा महिने बाजारात, दवाखान्यात, परमेश्वराच्या देवळात, जी भेटते ती एकच विचारते, "सिस्टर, खरंच जायल्या का?" म्हणून आयोजकांना म्हटलं, आरोग्यावर पुढच्या वेळी बोलू. आज सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकते.

हो, खरंच जायलो. आम्ही सात जणी. बालीला.

बाली हे इंडोनेशिया देशातलं एक बेट आहे, विषुववृत्ताच्या जरा खाली. आकारानं आपल्या नांदेड जिल्ह्याच्या साधारण निम्मं. आपल्या घड्याळात सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथं साडेआठ झालेले असतात. समुद्र आहे, डोंगर आहेत, जागे ज्वालामुखी आहेत आणि डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती आहे. देश मुसलमान बहुसंख्येचा, पण या बेटावर बहुतेक लोक हिंदू. हे आधी सांगते, कारण हे ऐकलं की विचारणारीचा चेहरा सैल पडतो. "मग देवदर्शनच म्हणा की!" नाही बाई. देवदर्शनाला जात नाही. मौजेला जातोय.

आम्ही सात जणी कोण? मी एक. एक निवृत्त शिक्षिका, दोघी अंगणवाडी सेविका, एक किराणा दुकान चालवते, एक शिवणकाम करते आणि एक शेती. त्यांतल्या दोघी विधवा, एक टाकलेली. मी एकसष्ट वर्षांची, सगळ्यांत थोरली, धाकटी सेहेचाळीसची. सातांपैकी समुद्र पाहिलेल्या फक्त दोघी. नावं सांगत नाही, त्यांनीच सांगितलंय. गावात ठाऊक आहेतच, पण छापून यायला नको म्हणाल्या.

सुरुवात भिशीत झाली. दुकानवालीच्या पुतण्याचं लग्न झालं आणि नवरानवरी बालीला जाऊन आले. तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. निळं पाणी, झोपाळा, फुलांच्या पाकळ्या टाकलेलं हौद की काय ते. फोन हातोहात फिरला. शिवणकामवालीनं तो बराच वेळ धरला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "इथं जायला नवराच लागतो का?"

आम्ही हसलो. पोट धरून हसलो. मग कोणीच काही बोलेना. चहा गार झाला. त्या दिवशी भिशीची चिठ्ठी काढायचीही राहून गेली.

पुढच्या महिन्यात शिक्षिका बाई वही घेऊन आल्या. वहीवर लिहिलेलं, 'बाली : खर्च'.

आता या 'कशाला'कडे येते. आपण बाया घराबाहेर पडतो कशासाठी? माहेराला, बाळंतपणाला, लग्नाला, मयतीला, दवाखान्याला आणि देवाला. या कारणांना कोणी 'कशाला' विचारत नाही. त्यांतही देवाचं कारण सगळ्यांत पक्कं. माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढताना बाया जेवढ्या हसतात, तेवढ्या वर्षभर घरात हसत नाहीत. मी पाहिलंय. तिरुपतीला जायच्या गाडीत रात्री दोन वाजेपर्यंत गाणी चालतात. ती सुट्टीच असते. फक्त तिच्यावर देवाची सही घेतलेली असते. यात मी कुणाला हिणवत नाही. ज्या काळी दुसरी कुठली सही चालत नव्हती, त्या काळी आपल्या आज्यांनी ही वाट शोधून ठेवली, हे शहाणपणच होतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. आठवतं ना, तेव्हा स्टँडवर काय बोलत होते? "आता बाया घरात राहायच्या नाहीत." "सगळ्या माहेरी निघाल्या." भोकरच्या गाडीत एक जण माझ्यासमोरच म्हणाला, "काही काम नसताना फिरायल्या." मी म्हटलं, "दादा, तुम्ही कोणत्या कामाला चाललात?" तो पानाच्या टपरीवर मित्राला भेटायला चालला होता. भोकरला. खोटं सांगत नाही.

माझ्या रजांचा हिशोब मी मागे एकदा काढला. अर्जित रजा म्हणजे आपली हक्काची. सासऱ्यांच्या लकव्याला गेली. दोन नणंदांची बाळंतपणं, त्यातली एक पोरगी अशक्त, तिला चाळीस दिवस. मुलाची दहावी, मुलाची बारावी. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मुलीचं पहिलं बाळंतपण, दुसरं बाळंतपण. एकतीस वर्षांत, नुसतं मला वाटलं म्हणून घेतलेली रजा? एक दिवस. त्या दिवशी मी घरी झोपून होते आणि शेजारीण विचारायला आली, बरं नाही का?

सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. घरकामाला हात लावणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. पगाराचं काम यात धरलेलंच नाही. पाहणीचं नाव मोठं छान आहे, 'वेळेचा वापर'.

आणि 'कशाला' हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांना चक्क जाहीर सभेत भाषण करावं लागलं, मी का जाते म्हणून. लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले. इथं शिकता येत नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? संकट आलं तर? आणि शेवटचा प्रश्न असा, की आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करावंस? त्यांच्याकडे उत्तर होतं. डॉक्टर होऊन देशातल्या बायांना औषधपाणी करायचं होतं. किती मोठं उत्तर! त्यांच्या पासंगाला आम्ही पुरणार नाही. पण माझ्या मनात येतं, बाईला समुद्रापलीकडे जायचं तर दर वेळी एवढं मोठं उत्तर लागतं का? पुतण्या गेला तेव्हा त्याला कोणी सभा घ्यायला लावली नाही.

असो. आता कागदांचं सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे. बाली राहिलं बाजूला, कागद गोळा करता करता आम्ही स्वतःलाच नव्यानं भेटलो.

पासपोर्टला साधी फी १५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट. शिवणकामवालीनं ही फी लाडक्या बहिणीच्या एका हप्त्यातून भरली, बरोब्बर १५००. यावरून गल्लीत बोलणं झालंच, सरकारच्या पैशावर परदेश. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्याच पैशात मिक्सर घेतला असता तर कौतुक केलं असतं."

नावापासून अडचण. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलतंच, कित्येकींचं पाळण्यातलं नावही तांदळात पुसून टाकतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, बँकेच्या पुस्तकावर तिसरी, आणि तिन्ही मीच हे सिद्ध करायचं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. सात जणींत तिघींचा वाढदिवस १ जानेवारी, दोघींचा १ जून. १ जून गुरुजींनी दिला, शाळेत घालताना सहा वर्षं भरावीत म्हणून. १ जानेवारी आधारवाल्या पोरानं दिला, त्याला पुढचं गाव गाठायचं होतं म्हणून. खरा वाढदिवस माझा एकटीचा, कारण माझे वडील डाकखान्यात होते.

शेती करणारीचं सगळ्यांत अवघड निघालं. ते जरा नीट ऐका, कारण तुमच्या गावातल्या बायांना उपयोगी पडेल. ती सातवी शिकली. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. परदेशी कामाला जाताना सरकारची परवानगी लागेल, असा त्याचा अर्थ. कायदा १९८३ चा. आखातात मजूर फसवून नेतात, त्यांना वाचवायला केलेला, हेतू वाईट नाही. जे अठरा देश त्या यादीत आहेत त्यांत सौदी, कुवेत आहेत, तसे मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत. नुसतं फिरायला जायचं तर जाता येतं, पण हातात व्हिसा आणि परतीचं तिकीट पाहिजे. बाकीच्यांना बालीत उतरल्यावर विमानतळावर व्हिसा मिळतो. हिला तसं उतरून बघू म्हणता यायचं नाही. आधीच ऑनलाइन काढून, कागद हातात धरून रांगेत उभं राहायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची.

तिची शाळा कोणी सोडवली? वडिलांनी. भावाला हदगावला ठेवायचं होतं, दोघांचा खर्च झेपत नव्हता. भावाच्या पासपोर्टवर शेरा नाही. शेरा हिच्या पासपोर्टवर.

पण त्याच नियमात एक फट आहे. पन्नास पूर्ण झालेल्याला हा शेरा लागत नाही. आणि ती तर म्हणते, मी दुष्काळातली. म्हणजे १९७२. आई खडी फोडायला जायची तेव्हा पोटात होते, असं तिला सांगितलेलं. मग पन्नाशी कधीच उलटली! पण आधारवर काय? १ जानेवारी १९७८. आधारवाल्या पोराला ती तेवढीच दिसली असेल. एरवी बाईला वय कमी लागलं तर ती खूश होते. ही रडकुंडीला आली.

आम्ही दोघी तिच्या शाळेत गेलो. जिल्हा परिषदेची शाळा, पत्रे नवे, कपाट तेच. मुख्याध्यापकांनी विचारलं, "आता कशाला पाहिजे निर्गम उतारा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले, मुद्दाम. मग तीच म्हणाली, "बालीला जायचंय, सर." त्यांनी चष्मा काढून पुसला. जुनं रजिस्टर शोधायला दोन दिवस लागले. त्यात ती सापडली. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख १ जून १९७३. दुष्काळाच्या मानानं जरा उशीर झाला, पण पन्नासच्या वर! शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'घरगुती'. ती त्या शब्दावर बोट ठेवून उभी राहिली. मी उतारा घेतला, सही-शिक्का बघितला आणि तिला बाहेर नेऊन चहा पाजला. आता आधार दुरुस्तीला टाकलंय. पावती आहे, उत्तर यायचंय. तोवर तिचा अर्ज थांबवून ठेवलाय आणि तिच्यासाठी आमची तारीखही.

आणि आमची शिवणकामवाली. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्यानं टाकली. घटस्फोट नाही, पोटगी नाही. तो दुसरीबरोबर राहतो, याच जिल्ह्यात. परित्यक्तांचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही, १९८८ साली संगमनेरला त्यांची परिषद झाली होती. पण कागदावर या बाईला जागा कुठाय? कुमारिका नाही, विधवा नाही, घटस्फोटित नाही. राहिलं काय, तर 'विवाहित', आणि मग नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा पत्ता, नवऱ्याचा कागद. आयुष्यभर ती असं खोटं भरत आली.

नेट सेंटरवर पोरानं विचारलं, "मावशी, मॅरीड लिहू का विडो?" मी मागे उभी होते. म्हटलं, थांब, यादी उघड. यादीत होतं, 'सेपरेटेड'. विभक्त. नियम असा, की २०१६ च्या डिसेंबरपासून लग्नाचा दाखला मागत नाहीत. विभक्त किंवा घटस्फोटित असेल तर जोडीदाराचं नाव भरावंच लागत नाही, आणि कोर्टाचा कागदही नाही. आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी पुरतं. तिनं त्या पोराला पुन्हा वाचायला लावलं. "म्हणजे ह्यांचं नाव लागत नाही?" "नाही मावशी." "कुठंच नाही?" "नाही." तिनं आईचं नाव घातलं. पावती निघाली तेव्हा म्हणाली, या पानाची आणखी एक प्रत काढ. दहा रुपये जास्तीचे दिले. ती प्रत तिनं शिवणयंत्राच्या खणात ठेवलीय, मी बघितली.

पोलिस पडताळणीचं थोडक्यात. माझ्या दारात येऊन विचारलं, "साहेब आहेत का?" मी म्हटलं, "अर्ज माझा आहे, बसा." एवढंच. पण प्रत्येकीकडे त्यांनी आधी पुरुषाला हाक मारली. दोन घरांत पुरुषच नव्हता, तिथं शेजाऱ्याला मारली.

आमच्या साहेबांचंही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त लोकांचीच सांगते असं व्हायचं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी एकदाच विचारलं, "मी येऊ का?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "मी नकोसा झालो का?" बायांनो, या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, तुमच्याबरोबर आले की तुमच्या गोळ्या, तुमचा बिनसाखरेचा चहा, तुमची पिशवी, सगळं माझ्याबरोबर येतं. मग मी कुठं जाते? दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, कुकरच्या किती शिट्ट्या? मला वाईटही वाटलं आणि बरंही. अजून दोन्ही वाटतं. मुलगा मात्र फोनवर म्हणाला, "आई, बालीला हनिमूनला जातात." मी म्हटलं, आमचा राहिलाच होता.

पैशाचं. वहीतला हिशोब माणशी सत्तर हजारांच्या आसपास येतो. तीन वर्षं महिना दोन हजारांची वेगळी भिशी टाकली, बहात्तर हजार झाले. नांदेडहून बंगळूरला सरळ रेल्वे आहे, आणि २०२४ साली बंगळूरहून बालीला सरळ विमान सुरू झालं, सहा-सात तासांचं. व्हिसाचे पाच लाख रुपये. घाबरू नका, त्यांचे रुपये, रुपिया. आपले अडीच-पावणेतीन हजार. वर २०२४ च्या फेब्रुवारीपासून बेटावर येणाऱ्याकडून दीड लाख रुपिया वेगळे घेतात. लखपती व्हायचं तर तिकडं जावं. केसरी, वीणा वर्ल्ड यांच्यासारख्या कंपन्या नुसत्या बायांच्या सहली काढतात, तेही चांगलंच आहे. पण आम्ही आपलं आपण ठरवायचं म्हणतो. चुकलो तर आपणच चुकू. एक मात्र लक्षात ठेवा. कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर आगाऊ कर कापतात, आणि तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच विवरणपत्र भरून परत मागता येतो. तेव्हा पैसे आपले आणि पॅन मुलाचं, असं करू नका.

दिवस कोणते धरायचे यावर फार वाद झाला. शेवटी शेतीवालीच्या हिशोबानं ठरलं. हळद काढून, शिजवून, वाळवून, विकून झाली की मृगाच्या आधी तिला पंधरा दिवस मोकळे मिळतात. नेमका तेव्हा तिथला पाऊस संपलेला असतो. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, तिथं तीस-एकतीस.

बालीबद्दल वाचायला लागलो आणि शिक्षिका बाईंची वही भरत गेली. तिथलं वर्षही शकाचं आहे, आपल्यासारखं. नववर्षाला 'न्येपी' म्हणतात, आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतं. २०२६ ला तर दोन्ही १९ मार्चलाच आले. त्या दिवशी सगळं बेट चूप बसतं. गाड्या बंद, दिवे बंद, विमानतळसुद्धा बंद. चूल पेटवायची नाही. ऐकून सगळ्या खूश झाल्या, बायांना सुट्टी! अंगणवाडीवाली म्हणाली, "आदल्या दिवशी कोण रांधून ठेवतं ते विचारा." विचारायचं आहे.

तिथल्या बाया रोज नारळाच्या पानाच्या चौकोनी टोपल्या विणून, त्यात फुलं ठेवून दारात, दुकानात, रस्त्याच्या कडेला देवाला वाहतात. फोटोत सुंदर दिसतं. पण रोज म्हणजे रोज, आणि काम बायांचंच. बांधकामावर डोक्यावर विटा-वाळू वाहणाऱ्याही बायाच दिसतात. घराण्याची मालमत्ता रूढीनं मुलाकडे जाते. २०१० साली तिथल्या रूढी-पंचायतींच्या वरच्या मंडळानं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा द्यावा असं ठरवलं. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला बरोबरीचा हक्क आला. इथं बसलेल्या किती जणींनी हक्कसोडीवर सही केली, हात वर करा असं मी म्हणत नाही.

खाण्याचं एक सांगते. आपण सोयाबीन पिकवतो आणि पोत्यानं मोंढ्यावर घालतो. घरात त्याची भाजी कोण करतं? तिकडं सोयाबीन शिजवून, आंबवून त्याच्या वड्या करतात, 'टेम्पे' म्हणतात, आणि गरिबापासून सगळे रोज खातात. आमची शेतीवाली ते शिकूनच यायचं म्हणते. माळकरी दोघी आहेत, त्यांच्यासाठी चटणीत सुकट नको हे तिथल्या भाषेत कागदावर लिहून घेतलंय.

आणि मंदिरांच्या दारात पाट्या आहेत, पाळी चालू असलेल्या बायांनी आत येऊ नये. इतक्या लांब गेलो तरी पाटी तीच! आमच्यातल्या दोघींची पाळी अजून चालू आहे. लगेच माझ्याकडे वळल्या, "सिस्टर, गोळ्या द्या की." यात्रेच्या आधी, गौरीगणपतीच्या आधी, लग्नाच्या आधी मी या गोळ्या किती वाटल्या त्याचा हिशोब नाही. मागतील तिला दिल्या. आता म्हणते, इतक्या सहज द्यायला नको होत्या. रक्तात गुठळी झालेली, मोठी अर्धशिशी असलेली, यकृताचा आजार असलेली, यांनी डॉक्टरांना न विचारता त्या घेऊच नयेत. आणि विमानात सहा-सात तास पाय लोंबकळत बसायचं तेव्हा तर नाहीच. आम्ही ठरवलं, सुट्टीसाठी गोळ्या घ्यायच्या नाहीत. आली तर आली. देवळाच्या बाहेर बसू, शहाळं पिऊ, आतल्या आल्या की त्यांना विचारू काय पाहिलं. बघा, आरोग्यावर बोललेच मी शेवटी.

आमच्या गटातली एक तरुण कार्यकर्ती मात्र रागावलीय. ती म्हणते, खुरपायला जाणाऱ्या बाईनं बहात्तर हजार कुठून आणायचे? तुम्ही पेन्शनवाल्या, मानधनवाल्या, दुकानवाल्या. आणि तिथंही कोणीतरी बाईच तुमच्या चादरी धुणार. हॉटेलं वाढली तशी भाताची रानं गेली, पाणी गेलं, तेही तिनं वाचून दाखवलं. पोरीचं खोटं नाही. खुरपणाऱ्या बाईसाठी आमच्याकडे बाली नाही, हे मला लागतं. आम्ही मोठ्या हॉटेलऐवजी उबूद गावाकडे एका कुटुंबाच्या घरी मुक्काम धरलाय, पण तिथंही घरधनीणच रांधणार. तिची सुट्टी कधी, हेही वहीत विचारायच्या प्रश्नांत लिहिलंय. तरी मी तिला एवढं म्हटलं, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम आहे, विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क. त्याच जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' काढून 'सर्व माणसं' लिहायला लावलं ते आपल्या हंसा मेहतांनी. मजुरीसाठी लढतो, दारूबंदीसाठी लढतो, मारहाणीविरुद्ध लढतो. या चोविसाव्या कलमासाठी आपण एकदा तरी मोर्चा काढला का? ती म्हणाली, खुरपणाऱ्या बायांना आठवड्याची पगारी सुट्टी मागू, मग काढू. मी म्हटलं, काढ, पहिल्या रांगेत येते. पुढच्या बैठकीत तो विषय तिनं घातलाय. तारीख आमच्या जाण्याच्या आधीची ठेवलीय, पोरगी हुशार आहे.

बॅगेचं, कपड्यांचं अजून ठरलेलं नाही. समुद्रात साडीनं जायचं की पंजाबी ड्रेसनं, यावर दोन तट आहेत. दुकानवाली गुपचूप पोहण्याचा पोशाख मागवून बसलीय, काळा, गुडघ्यापर्यंतचा. आम्हाला घालून दाखवला, दार लावून. दुसऱ्या तटाच्या एकीनं त्याच रात्री मला फोन करून त्याचं माप विचारलं.

येत्या गुरुवारी चौघींची नांदेडला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात वेळ आहे. सकाळच्या भोकरमार्गे गाडीनं निघतोय, अर्ध्या तिकिटात. कुणाला नुसतं बघायला यायचं असेल, कुठं जायचं नसलं तरी पासपोर्ट काढून ठेवायचा असेल, तर शाळेचा दाखला आणि आधार घेऊन स्टँडवर या. दाखला नसेल तर आधी मला भेटा, शाळेत जाऊ.